ब्लूफिन ट्यूना पाळला, म्हणजे समुद्रातला वाचला का?

प्रश्न असा आला आहे: "जपानमध्ये ब्लूफिन ट्यूनाची अंडी ते अंडी अशी पूर्ण पैदास बंदिस्त जागेत झाली असं वाचलं. मग आता समुद्रातून तो पकडायची गरजच काय? कोंबड्यांसारखा ट्यूना पाळता येईल ना? मी मत्स्यविज्ञानाची पदवी घेतली आहे, देवगडला घरचा मासेमारीचा धंदा आहे. आपल्याकडे पिंजऱ्यात हे जमेल का?"

मी हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवायच्या केंद्रात, काम करते, एकवीस वर्षं झाली. सुरुवात जिताड्याच्या बीजापासून, मग कोबिया, म्हणजे आपला मोदुसा. पुढे एक हंगाम दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनला ट्यूनाच्या पिंजऱ्यांवर आणि दोन हंगाम स्पेनच्या किनाऱ्यावर ब्लूफिनच्या लार्व्हांपाशी, म्हणजे नुकत्या उबलेल्या पिल्लांपाशी, घालवले. त्यामुळे उत्तर लांबेल, पण तुम्हाला या क्षेत्रात उतरायचं आहे तर लांब उत्तरच उपयोगाचं.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. मासा पिंजऱ्यात ठेवणं वेगळं, त्याची पैदास आपल्या हातात असणं वेगळं, आणि त्यामुळे समुद्रावरचा भार कमी होणं आणखी वेगळं. बातमीत तिन्ही एका दमात सांगून टाकतात. प्रत्यक्षात पहिली गोष्ट तीसेक वर्षं मोठ्या प्रमाणावर चालू आहे, दुसरी जमली आहे पण महाग आणि नाजूक आहे, आणि तिसरी अजून झालेली नाही.

पहिली गोष्ट आधी. बाजारात 'पाळलेला' म्हणून जो ब्लूफिन विकतात, त्यातला बराचसा समुद्रात जन्मलेला असतो. पोर्ट लिंकनला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे चालतं. ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या दक्षिणेकडच्या मोठ्या उपसागरात साधारण पंधरा-वीस किलोचे कोवळे मासे पर्ससीनने, म्हणजे गोल घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याने, घेरतात. त्यांना हात लावत नाहीत. जाळ्याला ओढायचा पिंजरा शिवतात, मधलं दार उघडतात आणि मासे पोहत पलीकडे जातात. मग बोट तो पिंजरा माणसाच्या चालीपेक्षाही हळू ओढत किनाऱ्याकडे आणते, त्यात आठवडे जातात. पुढे काही महिने तारल्या खाऊ घालून वजन जवळपास दुप्पट झालं की काढणी. भूमध्य समुद्रात तर याहून मोठे, अंडी घालायला आलेले मासे पकडतात आणि सहा-सात महिने नुसती चरबी चढवतात. त्या माशाचं बहुतेक वजन समुद्रानेच दिलेलं असतं.

याला मी शेती म्हणत नाही. रानातलं पाडस पकडून गोठ्यात वाढवण्यासारखं ते आहे. रानात पाडसं आहेत तोवरच गोठा भरलेला. त्यात एक जास्तीची अडचण होती. पाण्याखाली एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात गेलेले मासे मोजायचे कसे? भूमध्य समुद्रात या फटीतून वर्षानुवर्षं कोट्यापेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा, जास्त मासे निघून गेले. आता तिथे मासे पिंजऱ्यात घालताना दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने लांबी मोजून वजन काढणं सक्तीचं आहे. या एका नियमाने वाचवलेले मासे कुठल्याही हॅचरीपेक्षा जास्त असतील, असं माझं मत आहे.

आता पैदास. जपानच्या किंदाई विद्यापीठाने वाकायामा प्रांतात, कुशिमोतोजवळ, १९७० मध्ये हे काम हाती घेतलं. आधी तेरुओ हारादा आणि त्यांच्यानंतर हिदेमी कुमाई यांनी ते पुढे नेलं. पकडलेली पिल्लं जिवंत ठेवायला जमेपर्यंतच चार वर्षं गेली, कारण ब्लूफिनच्या पिल्लाला नुसता हात लागला तरी कातडी सोलते आणि ते मरतं. १९७९ मध्ये पिंजऱ्यातल्या माशांनी पहिल्यांदा अंडी दिली. त्यातली पिल्लं दीड महिन्यापलीकडे जगली नाहीत. १९८३ पासून अंडीच बंद झाली. अकरा वर्षं! तेच पिंजरे, तीच माणसं, रोज खाद्य टाकायचं, आणि अंडं नाही. हारादा १९९१ मध्ये वारले, त्यांनी पुढचं पाहिलं नाही. १९९४ मध्ये मासे पुन्हा अंड्यावर आले. १९९५ आणि १९९६ मध्ये उबलेल्या पिल्लांपैकी मोठे झालेले विसेक मासे उरले होते. २००२ मध्ये त्यांनी स्वतः अंडी घातली आणि चक्र पूर्ण झालं. बाजारात मासा गेला २००४ मध्ये. तुम्ही वाचलेली बातमी ती हीच: बत्तीस वर्षं आणि वीस मासे.

जपानचा तो पॅसिफिक ब्लूफिन. त्याच्या दुसऱ्या जातीचं, अटलांटिक ब्लूफिनचं, चक्र स्पेनच्या समुद्रविज्ञान संस्थेने २०१६ मध्ये पूर्ण केलं. तिसऱ्या जातीची, दक्षिणी ब्लूफिनची, अंडी ऑस्ट्रेलियात टाकीतल्या माशांकडून मिळाली होती, पण पिल्लं टिकवण्यात यश आलं नाही आणि २०१२ मध्ये ते काम थांबवावं लागलं.

पिल्लं टिकत का नाहीत, हे माझं रोजचं काम, म्हणून इथे जरा थांबते.

ब्लूफिनचं अंडं साधारण एक मिलिमीटरचं, पारदर्शक, पाण्यावर तरंगणारं. चोवीस-पंचवीस अंशांच्या पाण्यात दीड दिवसाच्या आत उबतं. बाहेर येतो तो तीन मिलिमीटरचा लार्व्हा, डोळ्यांत रंग नाही, तोंड उघडलेलं नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत तो पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला चिकटून मरतो. त्याला सोडवायला आम्ही पाण्यावर तेलाची अगदी पातळ साय धरतो. पण नेमकं त्याच सुमारास त्याला पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यायचा असतो, नाहीतर पोहण्याची पिशवी फुगत नाही. तेल राहिलं तर पिशवी नाही फुगत, तेल काढलं तर चिकटून मरतो. कोणत्या तासाला तेल टाकायचं आणि कोणत्या तासाला काढायचं, यावरच अर्धी टाकी जगते किंवा मरते. ही वेळ पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलते, म्हणून आकडा विचाराल तर मी देणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दहा पिल्लं बघून रोज ठरवायचं.

त्यानंतर रात्रीचा धोका. दिवसा पोहणारं पिल्लू रात्री स्वस्थ होतं आणि ज्याची पिशवी फुगलेली नाही ते तळाशी बुडतं, तिथेच मरतं. म्हणून अंधार पडला की टाकीच्या तळाची हवा वाढवायची, पाणी खालून वर उचलत राहायचं. जास्त वाढवली तर पिल्लं घुसळून मरतात. रोटिफर, मग आर्टेमिया असं बारीक जिवांचं खाद्य चालू असतानाच, साधारण दोन आठवड्यांत, त्याला माशाची भूक लागते. दुसऱ्या माशाची नुकती उबलेली पिल्लं त्याच्यासमोर टाकावी लागतात. ती कमी पडली की ते शेजारच्या भावंडाला शेपटीकडून गिळायला लागतं. आपल्याच आकाराचं असलं तरी! दोघंही मरतात. जिताड्यातही आपण हे बघतो, पण जिताड्यात चाळणीने आकारवार वेगळं करता येतं. ब्लूफिनला चाळणी लावता येत नाही, कातडीचं मघाशी सांगितलंच.

महिन्याभराने ते बोटाएवढं होतं आणि इथे सगळ्यात वाईट टप्पा येतो. शेपटीचं बळ झपाट्याने वाढतं, पण वळण्याची आणि थांबण्याची ताकद मागून येते. म्हणजे वेग आला, लगाम नाही. जरा दचकलं की सुसाट सुटतं आणि भिंतीवर आपटतं. एका पहाटे, साडेचारच्या सुमारास, मी टाकीघराचं दार उघडलं. बाहेरच्या व्हरांड्यातला दिवा चालू होता, त्याचा पट्टा थेट पाण्यावर पडला. पाऊस पडावा तसा आवाज आला, टप टप टप. टाकीच्या भिंतीवर आतून आपटण्याचा. दोन-तीन सेकंदांत थांबला. मी दार लावलं, पण उशीर झाला होता. उजाडल्यावर तळातून तीनशेच्या वर पिल्लं काढली. बऱ्याच जणांचे जबडे वाकडे, कण्याचा मणका सरकलेला. चूक माझी होती. व्हरांड्यातला दिवा बंद करून मग दार उघडायचं हे मला माहीत होतं. त्यानंतर आम्ही टाकीघरात रात्रभर मंद उजेड ठेवायला लागलो. जपानमध्ये समुद्रातल्या पिंजऱ्यांवरही रात्री दिवे लावतात, ते याचसाठी. तिथे रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचे दिवे आणि विजेचा लखलखाटसुद्धा पिल्लं मारतो.

पूर्वी शंभर अंड्यांमागे एक पिल्लूही समुद्रातल्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचत नसे. आता त्याहून बरं आहे, चांगल्या हंगामात बरंच बरं. पण पिंजऱ्यात सोडल्यावरही पहिल्या महिन्यात पुष्कळ मरतात. म्हणून हॅचरीचं पिल्लू महाग पडतं, आणि समुद्रात पिल्लं भरपूर असली की शेतकरी समुद्रातलंच घेतो. जपान सरकारने २०१२ मध्ये समुद्रातली पिल्लं भरणाऱ्या पिंजऱ्यांची वाढ रोखली. तशी अडवणूक असेल तरच हॅचरीला गिऱ्हाईक मिळतं. इथेही पुन्हा नियमच आधी आला, तंत्र मागून.

इथपर्यंतचं एका ओळीत: पिंजऱ्यातला बराच ब्लूफिन अजून समुद्रातूनच येतो, हॅचरीतली पैदास शक्य आहे, पण ती अजून सोपी किंवा स्वस्त नाही.

समजा उद्या पिल्लं स्वस्त झाली. तरी सर्वांत जड प्रश्न उरतोच, खाद्याचा. कोंबडीशी तुलना इथे तुटते. कोंबडी धान्य खाते, ट्यूना मासे खातो. बरं, तो थंड रक्ताचा साधा मासाही नाही. स्नायूंमधून परतणारं गरम रक्त आणि कल्ल्यांकडून येणारं गार रक्त शेजारशेजारच्या बारीक नळ्यांतून उलट दिशांनी वाहतं. त्यामुळे उष्णता बाहेर न जाता आतच राहते आणि शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम राहतं. शिवाय तो थांबू शकत नाही. तोंड उघडं ठेवून पुढे जात राहिला तरच कल्ल्यांवरून पाणी वाहतं, थांबला तर गुदमरतो. जन्मापासून मरेपर्यंत रात्रंदिवस पोहणारा गरम शरीराचा प्राणी. त्याने खाल्लेल्यातलं बहुतेक पोहण्यात आणि ऊब राखण्यात जळतं.

म्हणून एक किलो वजन वाढवायला त्याला दहा ते पंधरा किलो तारल्या-बांगडे लागतात, मोठ्या माशाला त्याहूनही जास्त. पोर्ट लिंकनला रोज सकाळी गोठलेल्या तारल्यांच्या लाद्या तरंगत्या जाळीच्या चौकटीत टाकायचो, त्या विरघळत आणि मासे खालून येऊन घेत. बाकीच्या फावड्याने. पहिल्या दिवशी मी फावडं मारताना मोजत होते, दुसऱ्या दिवशी मोजायचं सोडलं. दक्षिण ऑस्ट्रेलियातली तारलीची मासेमारीच मुळात या पिंजऱ्यांना खाद्य पुरवण्यासाठी वाढली.

आता एक सावधगिरी. सामनला, म्हणजे सॅल्मन माशाला, किलोमागे सव्वा किलो खाद्य आणि ट्यूनाला पंधरा, अशी तुलना तुम्ही वाचाल. ती बरोबर नाही. सामनचं खाद्य कोरडं, ट्यूनाच्या तारलीत सत्तर टक्के पाणी. कोरड्यात मोजलं तर अंतर कमी होतं, पण मिटत नाही. शिवाय सामनच्या खाद्याच्या गोळीत आज सोयाबीन, गहू, वनस्पतींचं तेल असं पुष्कळ असतं. ट्यूनाचं पोट ते तसं स्वीकारत नाही. साधं फिशमील, म्हणजे माशांची भुकटीसुद्धा त्याच्या पिल्लांना नीट पचत नाही, एन्झाइमने आधीच अर्धवट पचवलेलं फिशमील द्यावं लागतं. आणि समुद्रातून पकडलेला मोठा मासा गोळीकडे बघतही नाही. हॅचरीत जन्मलेलं पिल्लू मात्र लहानपणापासून सवय लावली तर गोळी घेतं. हॅचरीचा खरा फायदा माझ्या मते इथे आहे. पिल्लाचा जन्म आपल्या हातात आला म्हणजे त्याची चव आपण घडवू शकतो, आणि चव घडवली तरच तारलीपासून सुटका होण्याची वाट निघते.

पाळीव होणं हा शब्दही जरा जपून वापरायला हवा. अंड्यापासून अंड्यापर्यंत एक फेरा झाला म्हणजे मासा पाळीव झाला असं नाही. नॉर्वेत सामनची निवड-पैदास १९७० च्या दशकात सुरू झाली, पिढ्यान् पिढ्या लवकर वाढणारे, शांत, रोगाला दाद न देणारे मासे निवडत गेले, तेव्हा आजचा सामन तयार झाला. ब्लूफिनची एक पिढी म्हणजे पॅसिफिकमध्ये तीन ते पाच वर्षं, दक्षिणी ब्लूफिनमध्ये आठ-दहाच्या पुढे. त्यात अंडी देणाऱ्या माद्या मोजक्या. शंभर जनक मासे पिंजऱ्यात असले तरी एखाद्या रात्रीची अंडी दोन-चार माद्यांचीच असू शकतात, म्हणजे सगळं बीज मोजक्या घरांतल्या भावंडांचं. ही वंशावळ न सांभाळता पिढ्या काढल्या तर मासा बिघडेल. टोकियोच्या सागरी विद्यापीठातले गोरो योशिझाकी यावर वेगळीच वाट शोधत आहेत. ट्यूनाच्या जननपेशी लहानशा बांगडावर्गीय माशात रोवायच्या आणि त्याच्याकडून ट्यूनाचं बीज घ्यायचं. सामनकुळातल्या माशांत त्यांनी हे करून दाखवलं आहे. ट्यूनात जमलं तर दीडशे किलोच्या माशाऐवजी हातभर माशाची टाकी सांभाळावी लागेल.

दुसरी आशा वाटते ती जमिनीवरच्या टाक्यांची. स्पेनमध्ये माझारॉनला मोठ्या बंदिस्त टाक्यांत ठेवलेल्या ब्लूफिननी २०२३ मध्ये अंडी दिली. उजेड आणि तापमान हातात असेल तर जून-जुलैची वाट बघावी लागत नाही, वर्षभर अंडी मिळवता येतील. अंड्यांसाठी समुद्रातल्या पिंजऱ्याभोवती रात्री पडदा बांधून पहाटे गाळणी घेऊन उभी राहिलेली मी, मला याचं मोल कळतं. एका वादळी आठवड्यात सगळा हंगाम हातचा जातो. पण टाकीत मासा विक्रीच्या वजनापर्यंत वाढवायचा तर वीज, प्राणवायू, पाण्याची गाळणी हे सगळं आलं. ती वीज कुठून येते यावर ते शाश्वत की नाही हे ठरेल.

आणि समुद्रातल्या माशाचं काय झालं? तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे, आणि उत्तर आनंदाचं आहे. अटलांटिक ब्लूफिनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचा मोनाकोचा प्रस्ताव २०१० मध्ये दोहाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत फेटाळला गेला, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, संपलं आता. पण त्याच सुमारास पूर्व अटलांटिकचा कोटा कापून वर्षाला साडेतेरा हजार टनांवर आणि मग त्याहीखाली आणला होता, आणि तो पाळला गेला. मासे परतले. २०२१ मध्ये अटलांटिक ब्लूफिन 'धोक्यातला' या वर्गातून निघाला. पॅसिफिकचा साठा तर न पकडलेल्या मूळ साठ्याच्या अगदी दोन टक्क्यांच्या आसपास घसरला होता. लहान मासे पकडण्यावर मर्यादा आली आणि २०३४ पर्यंत गाठायचं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०२१ मध्येच पार झालं. या दोन्ही ठिकाणी हॅचरीतल्या ट्यूनाचा हातभार नगण्य आहे. अंड्यांवर आयुष्य घालवलेली बाई हे लिहिते आहे, म्हणून विश्वास ठेवा. समुद्र सावरला तो कमी पकडल्यामुळे.

मग हॅचरी कशाला? मागणी कमी होणार नाही म्हणून. टोकियोच्या २०१९ च्या नववर्षाच्या लिलावात २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी येनच्या वर गेला. तो जाहिरातीचा भाव होता हे खरं, पण रोजचा भावही कोट्यावर दबाव आणण्याइतका असतोच. कोटा टिकवायचा तर बाजाराला दुसरीकडून मासा मिळायला हवा, आणि त्या माशाची अंडी आणि खाद्य, दोन्ही समुद्राच्या तिजोरीतून आलेलं नसावं. अंड्यांचं अर्धं जमलंय. खाद्याचं बरंच बाकी आहे.

आता देवगड. ब्लूफिन तिथे नको. हा थंड-समशीतोष्ण पाण्यात वाढणारा मासा. दक्षिणी ब्लूफिन अंडी घालायला हिंदी महासागरात जावा बेटाच्या दक्षिणेला येतो हे खरं, पण आपल्या किनाऱ्याशी त्याचं नातं नाही. आपल्याकडे जो येतो तो कुपा आणि गेदर, वेगळ्या जातीचे ट्यूना. आपल्या किनाऱ्यावर जूनपासून लाटा, गढूळ पाणी आणि खाडीचं गोडं पाणी, म्हणून पिंजरा पावसाआधी काढावाच लागतो. ब्लूफिनला बाजारायोग्य व्हायला तीन वर्षं लागतात. तीन पावसाळे तो पिंजरा कुठे ठेवाल?

तुमच्या हातात जे आहे ते बघा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपमला २०१० मध्ये कोबियाची आणि पुढच्याच वर्षी सिल्व्हर पॉम्पानोची पैदास केली, आणि खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या चेन्नईच्या संस्थेकडे जिताड्याचं बीज १९९७ पासून आहे. पॉम्पानो गोळी खातो आणि ऑक्टोबर ते मे या हंगामात विकण्याजोगा होतो. जिताडा खाडीकाठच्या तळ्यात चालतो, रायगडकडे पेण-अलिबागच्या लोकांना विचारा, त्यांच्या आजोबांपासून ठेवतात. कुठला निवडायचा हे तुमच्या खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यानंतर खारटपणा कधी परततो यावर आहे. ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोनदा, भरती आणि ओहोटी दोन्हीला, खारटपणा आणि तापमान मोजून वहीत लिहायला लागा. वडिलांना विचारून मागच्या वर्षांत तारली आणि बांगडा केव्हा आणि किती लागला तेही त्याच वहीत शेजारी लिहा. जानेवारीत ती वही घेऊन पुन्हा प्रश्न विचारा, मग पिंजरा किती व्यासाचा, बीज कुठून आणि किती सेंटिमीटरचं घ्यायचं हे मी तुम्हाला आकड्यांसकट सांगेन.